सोयीचा विसर

आपल्या कथा-कादंबऱ्यांत एक रोग फार जुना आहे. त्याला निदान नाही, पथ्य नाही, वैद्यही नाही. नायकाच्या डोक्याला मार लागतो किंवा कोणा तापसाचा शाप बाधतो, आणि बायको, मूल व दिलेले वचन एवढेच नेमके तो विसरतो. जेवणे विसरत नाही, घोड्यावर बसणे विसरत नाही, आपले नाव आणि घराणे तर मुळीच विसरत नाही! शेवटच्या प्रकरणात दुसरा मार लागतो, आठवण परत येते आणि वाचक डोळे पुसून पुस्तक मिटतो. या रोगाविरुद्ध मला बोलायचे आहे. फराळाच्या ताटाशी हा विषय काढला म्हणून गृहिणींनी रागावू नये. त्याचा सर्वांत जास्त जाच त्यांनाच झालेला आहे.

महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला मुलाला घेऊन राजसभेत येते, तेव्हा दुष्यंताला सारे आठवत असते. व्यासांनी ते स्वच्छ सांगितले आहे. आठवत असूनही तो ओळख नाकारतो, वर तिच्या आईबापांचा उद्धार करतो. ती मान खाली घालून रडत बसत नाही. सत्य म्हणजे काय, हे भर सभेत राजाला सुनावते. पुढे आकाशवाणी होते आणि मग राजा कबूल करतो, की मला ठाऊक होते, पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी संशय घेतला असता. राजा वाईट वागला. पण व्यासांनी त्याच्या अंगावर विसराची शाल पांघरली नाही.

ती शाल आपण ओळखतो कालिदासाच्या नाटकामुळे. दुर्वासाचा शाप आला, अंगठी आली आणि राजा निर्दोष ठरला. मग दोष कोणाकडे गेला? शकुंतलेकडे! पतीच्या चिंतनात तिच्याकडून अतिथीचे स्वागत राहिले ना! 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे कथानक मराठी रंगभूमीवर गाजविले, आणि तेव्हापासून घरोघरी शाप पाठ आहे. आदिपर्वातली ती तडफदार बाई मात्र पोथीतच राहिली.

कोणी म्हणेल, कालिदासावर बोट ठेवणारा हा शाळामास्तर कोण? कालिदासापुढे माझे हात जोडलेलेच आहेत. अंगठी सापडल्यावर त्याचा राजा वसंतोत्सव बंद करतो, पश्चात्तापाने झुरतो. सहाव्या अंकातली ती होरपळ खरी आहे. माझे भांडण आहे ते ज्यांनी शाप तेवढा उचलला आणि होरपळ मागे ठेवली, त्या अनुकरण करणाऱ्यांशी.

विसराची साथ कशी लिहावी, हे गाब्रिएल गार्सिया मार्केस या कोलंबियाच्या कादंबरीकाराने 1967 साली ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ या कादंबरीत दाखविले. माकोंदो नावाच्या कल्पित गावात निद्रानाशाची साथ येते आणि तिच्यामागून विस्मरण येते. ते मात्र कोणाची सोय पाहत नाही. लोक वस्तूंची नावे विसरतात, म्हणून खुर्चीवर, घड्याळावर, भिंतीवर नावे लिहून ठेवतात. गायीच्या गळ्यात ती कशासाठी असते आणि दूध काढायचे, हेसुद्धा लिहून अडकवतात. शेवटी एक भटका जिप्सी औषध पाजतो आणि गाव बरे होते. पण कादंबरीचा खरा घाव पुढे आहे. केळीच्या मळ्यांतले संपकरी मजूर गोळ्या घालून मारले जातात, प्रेते आगगाडीत भरून नेली जातात, आणि सरकार सांगते की काही घडलेच नाही. गाव तेच मानते. या प्रसंगामागे 1928 साली कोलंबियातल्या सिएनागा येथे झालेली मजुरांची खरी कत्तल आहे. पहिल्या विस्मरणावर औषध मिळाले. हुकुमाने आलेल्या दुसऱ्यावर मिळाले नाही.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा वजनदार आहे: विसरल्याने शांतता राहते. काझुओ इशिगुरो यांच्या 2015 सालच्या ‘द बरीड जायंट’ या कादंबरीत नेमके हेच आहे. एका ड्रॅगन मादीच्या श्वासाचे धुके देशभर पसरले आहे. त्यामुळे ब्रिटन आणि सॅक्सन जुनी कत्तल विसरून शेजारी नांदतात. पण हे धुके मुद्दाम पसरविले आहे, आणि ते जिंकलेल्या राजाच्या बाजूने! शिवाय त्याच धुक्यात एक म्हातारे जोडपे आपल्या मुलाचे काय झाले, तेही विसरून बसले आहे. वैराबरोबर मायाही गेली. अशी शांतता कोणाच्या खर्चाने मिळते, हे विचारायला नको काय?

खरा स्मृतिभ्रंश ज्या घरात आहे, तिथे जाऊन पाहा. बहुधा ताजे आधी जाते, जुने मागाहून. सकाळचे जेवण आठवत नाही, पण लहानपणच्या विहिरीची वाट आठवते. पुढे लेकीचे नाव जाते, चूल विझवायची राहते. त्यात निवड नाही, लबाडी नाही. आणि दुसऱ्या तडाख्याने कोणी बरे होत नाही. त्या दुखण्याचे सोंग नायकाला देणे, ही त्या घरांची थट्टा आहे.

वाचकहो, हा वाद पुस्तकांपुरता नाही. “झाले गेले गंगेला मिळाले” हे वाक्य आपल्या घरांत कोण कोणाला ऐकवतो, ते आठवून पाहा. ज्याच्या पदरात पडले तो, ज्याचे गेले त्याला! 2005 सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते, आणि भाऊबीजेला तबकात एक साडी पडली की भाऊ ती सही विसरतो. बहीण विसरत नाही. ती फक्त बोलत नाही. तिने बोलावे असे वाटत असेल, तर आधी आमच्या कथांनी तिच्या भावाला शापाची सबब पुरविणे थांबविले पाहिजे. लेखकांनो, तुमच्या दुष्यंताला सारे आठवू द्या, आणि मग तो सभेत काय बोलतो ते लिहा.