चौकोन काढण्याआधी सातबारा वाचा

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत 'लायब्ररी मॅनेजमेंट'चा ईआर डायग्राम काढायला सांगा, मुलं डोळे मिटून काढतात. पुस्तकाचा एक चौकोन, सभासदाचा एक, मधे 'इश्यू'चा शंकरपाळा. पीटर चेन यांनी ही पद्धत १९७६ साली मांडली, हेही व्हायवात धडाधड सांगतात. गाईडमध्ये सगळं असतं. चौकोन कशाचे काढायचे, हे कोणाला विचारून ठरवायचं, एवढंच तिथे नसतं; आणि इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणजे मुळात तेवढंच.

मी परभणीच्या सेलूत बीसीएच्या मुलांना सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग शिकवतो. वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. म्हणून हल्ली लायब्ररी बाजूला ठेवून सातबाराच भिंतीवर लावतो आणि म्हणतो, याचं टेबल करा.

पहिला प्रयत्न ठरलेला असतो: गट नंबर, मालकाचं नाव, क्षेत्र. लगेच वालूरकडची एखादी मुलगी म्हणते, "सर, आमच्या गटात चुलत्यांचीही नावं आहेत." मग 'मालक १', 'मालक २', 'मालक ३' असे रकाने पडतात. मागच्या बाकावरून आवाज येतो, "आमच्यात आजोबांपासून वाटणीच नाही, सगळी भावकी आहे." रकाने संपतात आणि खरी शिकवणी सुरू होते. एका गटात अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. मग हिस्सा लिहायचा कुठे? तो ना गटाचा, ना खातेदाराचा. तो दोघांच्या नात्याचा. तिसरं टेबल लागतं, ते इथे. हे सूत्र फळ्यावर लिहून मुलांच्या डोक्यात शिरत नव्हतं; भावकीने ते शिरवलं.

जमीन विकली तर जुनं नाव खोडायचं का? सगळे 'डिलीट' म्हणतात. पण सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. फेरफाराची नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. कोर्टात भांडणारे वारस त्या कंसातल्या नावावरच उभे असतात. इतिहास न पुसणारी ही रचना महसूल खात्याने संगणकाच्या कितीतरी आधी कागदावर बसवली. हे मला आजही कौतुकाचं वाटतं, मग तलाठी सज्जावर आपण कितीही वैतागत असलो तरी!

गाव नमुना सात हक्काचा आणि बारा पिकाचा, हे दोन वेगळे का? हक्क वर्षानुवर्षं तोच, पीक मात्र दर हंगामाला नवं. शिवाय कापसात तुरीचं आंतरपीक असलं, तर एकाच गटात दोन पिकं. ई-पीक पाहणी २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाईलवर करतात, त्यामुळे मुलांनी घरच्यांसाठी ती भरलेली असते. 'पीक' नावाचा एकच रकाना पुरत नाही, हे त्यांना मी सांगावं लागत नाही.

आणि टेबलातल्या नोंदीची ओळख नुसत्या नावावरून पटवायची म्हटलं तर तेही जमत नाही: सेलू तालुका परभणीतही आहे आणि वर्ध्यातही.

सहकारी म्हणतात, सिलॅबस संपवायचा कधी? पुण्यातल्या कंपन्यांना टूल येणारी मुलं हवीत. टूल नोकरीत शिकता येतं आणि आकृती तर आता एआयही काढून देतं. पण वाटणी न झालेल्या शेताचा हिस्सा कसा लिहितात, हे त्याला कोणीतरी आधी विचारून आणून द्यावं लागतं. समोरच्याला नेमका प्रश्न विचारता येत नसेल, तर टूलमधून चुकीचंच मॉडेल निघतं, फक्त सुबक.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. अभ्यासमंडळाला माझी विनंती आहे: त्यातला एक प्रकल्प सज्जा, बाजार समिती किंवा जिनिंगच्या खऱ्या नोंदवहीवर सक्तीचा करा. निम्मे गुण आकृतीला नव्हे, विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नांच्या यादीला द्या. आणि लायब्ररी मॅनेजमेंटचा तो प्रश्न पेपरातून काढूनच टाका.