आधी तलाव झाका, मग पंप चालवा

दिवाळी सरली की आपल्या शहरातल्या सोसायट्यांमध्ये पोहण्याच्या तलावाकडे कुणी फिरकत नाही. बीड बायपास, सातारा परिसर, चिकलठाणा या भागांत अलीकडे उभ्या राहिलेल्या कितीतरी संकुलांत स्वतःचा तलाव आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, पाणी विशीच्या आसपास येतं आणि मुलं पाय बुडवून परत फिरतात. मग कुणीतरी हीट पंपाचा विषय काढतं. वर्गणी निघते, पंप बसतो, आणि पहिलं वीजबिल आलं की समितीच्या बैठकीत यंत्रालाच दोष दिला जातो. माझं सांगणं एवढंच आहे की यंत्र चांगलं आहे. आपण त्याला उघड्या तलावाला जुंपतो, तिथे गणित फसतं.

हा पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून तो पाण्यात सोडतो. पंखा हवा ओढतो, जाळीतल्या नळ्यांत फिरणारा वायू त्या हवेतली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून आणखी तापवतो, आणि टायटॅनियमच्या नळीतून जाताना तो वायू बाहेरून वाहणाऱ्या पाण्याला आपली उष्णता देऊन टाकतो. वीज लागते ती पंखा आणि कॉम्प्रेसर फिरवण्यापुरती. म्हणून विजेचं एक युनिट खर्चून चार-पाच युनिटांएवढी उष्णता पाण्यात उतरते. ही युक्ती नवी नाही. युरोपात युद्ध पेटलेलं असताना, 1941 साली, झुरिक शहराने आपल्या सार्वजनिक जलतरणगृहाला हीट पंप जोडला होता.

आता आपल्याकडचा हिशोब मांडू. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी चार-साडेचार फूट खोल तलावात साधारण एक लाख लिटर पाणी मावतं. ते एका अंशाने तापवायला 116 युनिट उष्णता लागते. विसावरून अठ्ठावीस अंशांवर न्यायला 930 युनिट. साध्या विजेच्या हीटरने तेवढीच वीज जाईल. हीट पंपाने दोनशेच्या आसपास. पण पंप ताशी 30 युनिट उष्णता देणारा असेल तर या कामाला सलग 31 तास हवेत, आणि मधल्या वेळात वाया जाणारी उष्णता वेगळीच. त्यामुळे सकाळी बटण दाबलं आणि संध्याकाळी पाणी गारच, ही तक्रार घेऊन मेकॅनिकला बोलावू नका. पहिल्यांदा पाणी तापायला दोन ते चार दिवस लागतातच. त्यानंतर रोज फक्त घट भरून काढायची असते.

ही घटच खरी महाग आहे, आणि ती बहुतांशी पृष्ठभागावरून होते. भिंती आणि तळातून जाणारी उष्णता त्यामानाने किरकोळ असते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ते पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता घेऊन जातं. तेवढ्यात साडेपाचशेहून जास्त लिटर पाणी एका अंशाने तापलं असतं. मराठवाड्याची थंडीतली हवा कोरडी असते, वर वारा असला तर कोमट पाणी भराभर उडतं. आपल्या तलावाची पातळी दिवसाला पाच मिलिमीटर उतरली, तर 360 लिटर पाणी गेलं. त्यासोबत 240 युनिटांच्या आसपास उष्णता गेली, म्हणजे सगळा तलाव दोन अंशांनी गार झाला. पंपाने ती भरून काढायची तर रोज पन्नासेक युनिट वीज. तुमच्या बिलावरचा दर लावून महिन्याचा आकडा काढून पाहा.

यातला पैशाचा भाग एकवेळ सोडून देऊ. पण ते 360 लिटर? आपलं पाणी पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून उपसून येतं. या शहरातल्या कित्येक वसाहतींनी आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळावर वर्षं काढली आहेत. मलिक अंबरने सतराव्या शतकात इथे जमिनीखालून नहर आणली ती पाण्याचा थेंब न थेंब उपयोगी यावा म्हणून. त्याच शहरात टँकरने भरलेला तलाव रात्रभर उघडा ठेवून पाणी आणि ऊब दोन्ही आकाशात सोडणं मला पटत नाही, आणि कुणालाही पटू नये.

उपाय साधा आहे: बुडबुड्यांचं प्लॅस्टिक आच्छादन, म्हणजे बबल कव्हर, आणि ते गुंडाळायला रूळ. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजाप्रमाणे झाकणामुळे तापवण्याच्या खर्चात निम्म्याहून अधिक बचत होऊ शकते आणि वरून भरायचं पाणी 30 ते 50 टक्के कमी लागतं. बुडबुडे पाण्याच्या बाजूला ठेवायचे. जास्त क्लोरीन टाकून पाणी साफ केलं असेल त्या दिवशी काही तास झाकू नका, नाहीतर प्लॅस्टिक लवकर कुजतं. रूळ मात्र घ्याच. ओढायला त्रास झाला की दोन आठवड्यांत आच्छादन कोपऱ्यात पडून राहतं, असा सगळीकडचा अनुभव आहे.

आणि ही गोष्ट कृपा करून गांभीर्याने घ्या: पोहायला उतरण्यापूर्वी आच्छादन पूर्ण काढायचं. अर्धवट गुंडाळलेल्या प्लॅस्टिकखाली मूल अडकलं तर वरून दिसतही नाही. झाकलेल्या तलावावर कुणी पाय देऊ नये, म्हणून फाटकाला कुलूप हवं. सुरक्षारक्षकाला हे नेमकं सांगून ठेवा.

तलाव झाकला की पंप कधी चालवायचा याचा विचार करा. आपल्याकडे थंडीतही दुपारी तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत जातं. पंप हवेतूनच ऊब घेतो, तेव्हा दुपारच्या हवेत तो त्याच विजेत जास्त काम करतो आणि पहाटेच्या गारठ्यात कमी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालवा, दिवे लागायच्या वेळी झाकून टाका. तुमच्या जोडणीला वेळेनुसार दर लागू असेल तर दिवसाच्या सवलतीचे तास बिलावर बघून घ्या. तापमानाचा हट्टही आवरायला हवा. पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा 25 ते 28 अंशांच्या पाण्यात होतात. रोज पोहणाऱ्यांना 28 पुष्कळ झाले. लहान मुलांचा किंवा गुडघेदुखीच्या ज्येष्ठांचा वर्ग असेल तर 30. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला खर्च वाढतो, क्लोरीन जास्त लागतं आणि शेवाळही लवकर धरतं.

यंत्राचं आयुष्य ठरतं ते पाण्यावर. बोअरचं आणि टँकरचं पाणी आपल्याकडे बहुधा जड असतं. त्यातले क्षार गरम नळीवर पांढरा थर धरतात आणि उष्णता पाण्यात उतरेनाशी होते. सामू (पीएच) 7.2 ते 7.6 आणि क्लोरीन 1 ते 3 पीपीएम ठेवा. सामू चढा राहिला की थर लवकर बसतो, उतरला की धातू झिजतो. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या टोपलीत टाकून ठेवण्याची सवय सोडा. मोटर बंद असताना तिथे तीव्र आम्लधर्मी पाणी साचतं आणि मोटर चालू होताच ते थेट पंपात शिरतं. क्लोरीन सोडणारं उपकरण नेहमी हीट पंपाच्या पुढे, पाणी तलावाकडे परतताना बसवलेलं असावं. आम्ल किंवा जास्तीचं क्लोरीन टाकताना बायपासचा व्हॉल्व्ह फिरवून पंप बाजूला काढा.

यंत्रावर पाण्याचा प्रवाह कमी असल्याची खूण दिसली तर गॅसवाल्याला फोन करण्याआधी फिल्टर बघा. स्वच्छ असताना दाब किती होता ते फिल्टरवर रंगाने लिहून ठेवा. त्याहून अर्ध्या किलोने काटा वर गेला की बॅकवॉश करा. रोज सवयीने बॅकवॉश करणं म्हणजे पाणी गटारात सोडणं.

पंपाखाली पाणी दिसलं की लोक घाबरतात. बहुतेक वेळा ते हवेतलं दव असतं, एसीच्या नळीतून ठिबकतं तसं. क्लोरीन तपासायच्या किटमध्ये त्याचे थेंब घ्या. रंग आला नाही तर दव, आला तर गळती.

पंप तळघरात किंवा बंद पंपघरात ठेवलेला असेल तर तो आपणच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतो आणि त्याचा दम तुटतो. मोकळ्यावर, पंख्यासमोर दोन-तीन मीटर जागा सोडून बसवा. आपल्याकडची धूळ आणि कडुनिंबाचा पाला जाळीत अडकतो; महिन्यातून एकदा मेनस्विच बंद करून मऊ ब्रश आणि साध्या नळीने धुवा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पाती वाकतात. वीज गेल्यावर यंत्र तीन-चार मिनिटं थांबून सुरू होतं, ती त्याची स्वतःची काळजी आहे; वारंवार बटण दाबू नका. एखादा फेज गेला तर कॉम्प्रेसर जळतो, तेव्हा फेज गेल्यावर वीज तोडणारा रिले हवाच. पाण्याजवळची वीज आहे, म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग यांत काटकसर नको. अर्थिंग दर वर्षी मोजून घ्या. कुणी दर हंगामात गॅस भरायला सांगत असेल तर थांबवा: गॅस वापरला जात नाही, कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. गळती शोधून बुजवल्याशिवाय पुन्हा भरू नये. आर-32 वायूची यंत्रं तर प्रशिक्षित माणसाकडेच द्यावीत, कारण तो वायू पेट घेऊ शकतो.

मार्च उजाडला की पंप बंद करा, त्यातलं पाणी काढून टाका आणि जाळी झाकून ठेवा. पंख्यावर प्लॅस्टिक घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. एप्रिल-मेमध्ये पाणी तापून कढत झालं तर ज्यांचा पंप उलटाही चालतो त्यांनी पाणी गार करण्यासाठी तो वापरावा. इतरांनी त्या दिवसांत तलाव दुपारी झाकू नये, रात्री तो उघडा असला की आपोआप निवतो.

तेव्हा समितीच्या सदस्यांना विनंती आहे. येत्या ऑक्टोबरच्या बैठकीत आच्छादन आणि रूळ यांची रक्कम मंजूर करा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घ्या, आणि पंपघरात एक वही टांगा. रोज पाण्याचं तापमान, फिल्टरचा दाब, सामू आणि मीटरचं वाचन तिच्यात लिहायला लावा. पंप अजून घेतला नसेल तर आधी फक्त आच्छादन घ्या, एक हिवाळा जाऊ द्या आणि मगच किती मोठा पंप लागतो ते ठरवा.