करवंदाचे वेषांतर

बेकरीच्या केकावर एक लालभडक, तुळतुळीत फळ बसविलेले असते. त्यास आपण ‘चेरी’ म्हणतो आणि विलायती मेवा खाल्ल्याच्या समाधानात बोटे चाटतो. वाचकहो, ते बहुधा करवंद असते! कच्चे करवंद मिठाच्या पाण्यात ठेवून त्याचा चीक घालवावयाचा, बिया काढावयाच्या, तांबड्या रंगात बुडवावयाचे, साखरेच्या पाकात मुरवावयाचे, आणि परक्या नावाने विकावयाचे. हे बागेतले थोराड करवंद खरे. पण गोव्यात ज्याला कांटां आणि घाटावर ‘डोंगरची काळी मैना’ म्हणतात, त्या रानकरवंदाचेच ते भावंड. आपल्याच पंक्तीस बसण्यासाठी त्याने नाव टाकावे काय?

परवा एका बेकरीत मी विचारले, “हे करवंदच ना?” मालक दुखावून म्हणाले, “छे हो, असले काही आम्ही वापरत नाही.” माझे भांडण त्या ‘असले काही’शी आहे.

परक्या वस्तूंशी माझे वैर नाही. केक दर्यापारचा. त्यात किसावयाचे जायफळ मूळचे बांदा बेटांवरचे. आज ते फोंड्याच्या कुळागरांत माडा-पोफळींच्या सावलीत सुखाने नांदते. त्याला कोणी वेषांतर करावयास लावले नाही.

म्हणे, रानचे करवंद आंबट आणि चिकट, केकास चालत नाही. कोणी करून पाहिले आहे? वैशाखातले पिकून काळेभोर झालेले करवंद घ्यावे. गूळ घालून मंद आचेवर आटवावे, चाळणीवर घोटून बिया काढाव्या. निवल्यावर रवा, ओले खोबरे, अंडी आणि दालचिनी-लवंग-जायफळाची पूड घालून कालवावे. सोडा अगदी शेवटी, चिमूटभर; करवंदाच्या आंबटपणाशी गाठ पडताच तो पीठ फुगवितो. भट्टी नाही म्हणून अडते कोठे? आपल्या आज्यांनी काकडीचे धोंडस खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवूनच भाजले ना?

इकडे करवंदाच्या जाळ्या उजाड होत आहेत. डोंगरउतारावर प्लॉट पडले की पहिला घाव त्यांच्यावर. उरलेल्या काट्यांत हात घालून जी बाई पानांच्या द्रोणांतून करवंदे विकावयास बसते, तिच्याशी आपण दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो, आणि चेरीच्या डब्याचे पैसे मात्र मुकाट्याने मोजतो.