प्रभूचे वचन वेदीपुरतेच का?

‘धर्म धर्माच्या जागी आणि व्यवहार व्यवहाराच्या जागी.’ आपल्या धर्मग्रामांत हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते जणू दहा आज्ञांपैकीच एक असावे. रविवारच्या मिस्साबलिदानाला वेळेवर हजर राहणारा, मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला नियमाने धाडणारा, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला न चुकता जाणारा सुविद्य गृहस्थही हे वाक्य बोलतो आणि आपण काही विपरीत बोललो असे त्याला वाटत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या वाक्यावर आहे. हे वाक्य शहाणपणाचे नाही, सोयीचे आहे. आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या कसोटीवर ते टिकणारे नाही.

ही कसोटी आमच्या पदरची नव्हे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांच्यातील फारकत ही आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक आहे, असे स्पष्टपणे बजावले. त्याच्या आधी तीनच आठवडे, १८ नोव्हेंबरला, त्याच परिषदेने पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध झाले पाहिजे, असे सांगितले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या जाव्यात हा योगायोग म्हणता येणार नाही. ज्या घरात शास्त्र उघडले जात नाही, त्या घरात श्रद्धा हळूहळू सणावारांपुरती उरते. साठ वर्षे उलटून गेली. आपल्या दिवाणखान्यातले बायबल मात्र अजूनही काचेच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमशेजारी सुरक्षित आहे.

पवित्र शास्त्र रोजच्या व्यवहारात मार्गदर्शन करते म्हणजे नेमके काय करते? याचे उत्तर संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोकसमुदाय आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला: मग आम्ही करावे तरी काय? योहानाने त्यांना उपवासांची यादी दिली नाही की यात्रेचा मार्ग दाखवला नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, असे त्याने सांगितले. जकातदारांना त्याने ठरलेल्यापेक्षा अधिक वसूल करू नका, असे बजावले. शिपायांना कोणाला दमदाटी करून पैसे उकळू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असा आदेश दिला. हा सारा उपदेश व्यवहाराचाच आहे हे लक्षात घ्या. योहानाने जकातदाराला नाके सोडायला सांगितले नाही की शिपायाला नोकरीचा राजीनामा द्यायला लावले नाही. जिथे आहात तिथेच, ज्या हिशेबाच्या वहीवर तुमचा हात आहे त्या वहीतच, देवाचे राज्य सुरू होते, असा त्याच्या उत्तराचा अर्थ आहे. पुढे एकोणिसाव्या अध्यायात जक्कय भेटतो. येशू त्याच्या घरी उतरला, परंतु या घराला आज तारण लाभले असे प्रभूने म्हटले ते जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द दिल्यानंतर. धर्म व्यवहाराच्या जागी आला, तेव्हाच तारण घरात आले.

आता हा प्रश्न घेऊन आपण आपल्या पुण्यातल्या घरांकडे पाहू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी धुणीभांडी करायला बाई येते. १९८० साली याच शहरातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली राज्याने घरकामगार कल्याण मंडळाचा कायदाही केला. घरकाम करणाऱ्या स्त्रीला आजारपणाची रजा, सणाचा बोनस आणि माणसासारखी वागणूक मिळावी, हे सांगायला संप आणि कायदा लागावा, ही शहराला भूषणावह गोष्ट नव्हे. ख्रिस्ती घराला तर ते सांगण्याची गरजच पडायला नको होती. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती ठेवा, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतला आहे, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राने शतकानुशतकांपूर्वी सांगून ठेवले आहे. अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी जातो, असे संत याकोब आपल्या पत्रात लिहितो. आपण मात्र नाताळात त्या बाईच्या हातावर करंज्यांची पुडी ठेवतो आणि जानेवारीत ती चार दिवस तापाने फणफणली, तर चार दिवसांचे पैसे कापतो. काही घरांत तिच्या चहाचा कप अजूनही वेगळा, मोरीशेजारच्या फळीवर, उपडा घातलेला असतो. रविवारी एकाच भाकरीत सहभागी होणाऱ्या हातांनी तो कप तिथे ठेवलेला असतो, याचे आपल्याला काहीच वाटू नये?

सकाळी पुण्याच्या चौकाचौकांत मजूर अड्डे भरतात. डबा आणि घमेले घेऊन माणसे उभी असतात. आठ वाजतात, नऊ वाजतात, धडधाकट तरुण निवडले जातात आणि वयस्क, अशक्त मागे राहतात. संत मत्तयच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला समजून घ्यायला आणखी कोणते भाष्य हवे? दिवस कलल्यावर कामावर घेतलेल्या मजुराला मळ्याच्या धन्याने पूर्ण दिवसाचा रोज दिला, कारण संध्याकाळी त्याच्या चुलीलाही पूर्ण दिवसाचे पीठ लागणार होते. हा दाखला आपण मंदिरात ऐकतो आणि बाहेर पडून त्याच चौकात रोजावरून पन्नास रुपयांची घासाघीस करतो.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट विवाहाची आहे. पुण्याचा कॅथलिक समाज गोवेकर, मंगळुरी, तमिळ, मलयाळी आणि नगरकडून आलेल्या मराठी कुटुंबांचा मिळून झालेला आहे. नाना पेठेतल्या सिटी चर्चची स्थापना पेशवाईत, १७९२ साली झाली. त्यासाठी जागा दिली ती पेशव्यांनी, आपल्या सैन्यातल्या परधर्मीय शिपायांना उपासना करता यावी म्हणून. हिंदू राज्यकर्त्याने परक्यांना जागा दिली. आपण आपल्याच धर्मबंधूंना घरात जागा देतो काय? स्थळ पाहताना मुलगा कॅथलिक आहे एवढे पुरत नाही. मूळ गाव कोणते, आडनाव कोणते, आजोबा बाप्तिस्म्यापूर्वी कोण होते, याची चौकशी दबक्या आवाजात होतेच. ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हे भेद उरत नाहीत, असे संत पौलाने गलतीकरांना लिहिले. भारताच्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे सांगितले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलतींपासून दूर ठेवले आहे, याविरुद्ध आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. आणि ते योग्यच आहे. परंतु सरकारकडे समतेची मागणी करणाऱ्याने आपल्या मुलीच्या स्थळांची वही एकदा उघडून पाहावी. शासनाने जे द्यावे असे आपण म्हणतो, ते आपण आपल्या उंबरठ्यावर नाकारत असू, तर आपल्या निवेदनाला बळ कोठून येणार?

येथे एक आक्षेप हमखास येतो. आम्ही बायबल वाचतो, असे काही जण म्हणतात. अडचण आली की डोळे मिटून ते उघडावे आणि बोट पडेल त्या वचनातून उत्तर काढावे, अशी एक रीत रूढ झाली आहे. काहींनी निवडक वचने छापून दारावर, दुकानाच्या गल्ल्यावर, वाहनाच्या काचेवर लावली आहेत. वचन डोळ्यांसमोर असावे यात गैर काही नाही. परंतु रानात सैतानानेही येशूला स्तोत्रातलेच वचन ऐकवले होते, हे विसरून चालणार नाही. संदर्भापासून तोडलेले वचन ताईतासारखे होते. ते आपल्याला हवे तेच बोलते. गल्ल्यावरच्या चौकटीत परमेश्वर माझा मेंढपाळ असावा आणि गल्ल्याखालच्या वजनात खोट असावी, हे शास्त्राचे मार्गदर्शन नव्हे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हेही त्याच ग्रंथात, नीतिसूत्रांत लिहिलेले आहे. पण ती चौकट बाजारात सहसा मिळत नाही.

दुसरा आक्षेप नम्रतेच्या वेषात येतो: शास्त्र समजणे हे फादरांचे काम, आम्ही सामान्य माणसे. ज्या शहरात १९५५ साली पेपल सेमिनरी येऊन स्थिरावली, जिथे देशभरातील तरुण ईशज्ञानाचे अध्ययन करतात, त्या शहरातले श्रद्धावंत असे म्हणतात, हे नवल आहे. बायबल वाचणे हे प्रॉटेस्टंटांचे काम, अशी एक समजूत आपल्यात पूर्वी होती आणि तिचे अवशेष अजून आहेत. पण आपला वारसा वेगळेच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोलच्या छापखान्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले, ते पंडितांसाठी नव्हे. नवख्रिस्ती झालेल्या सामान्यांना आपल्या भाषेत, आपल्या ओवीत तारणाची कथा ऐकता यावी यासाठी. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांचे ऋण मानायला आपल्याला संकोच नसावा. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार स्त्रिया आणि मुली त्यांनी आणल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावला त्यांना आसरा दिला. आणि त्याच स्त्रियांसारख्यांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. एका हाताने भाकर, दुसऱ्या हाताने वचन. व्यवहार आणि धर्म यांच्या दोन जागा त्यांना ठाऊक नव्हत्या. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांच्या हाती दिले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. आता भाषा कठीण आहे ही सबबही उरलेली नाही. मुले इंग्रजी माध्यमात असतील तर इंग्रजीत वाचावे, पण वाचावे.

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. शनिवारी रात्री जपमाळेची प्रार्थना झाल्यावर दुसऱ्या दिवसाच्या मिस्साचे शुभवर्तमान घरात मोठ्याने वाचावे. वाचन मुलांकडे द्यावे. मग योहानाला विचारला गेलेला प्रश्न आईवडिलांनी स्वतःला विचारावा: मग आपण या आठवड्यात काय करावे? उत्तर ठोस असावे. बाईंच्या कापलेल्या पैशांचे काय? भावाशी जमिनीवरून थांबलेल्या बोलण्याचे काय? सोसायटीत कोणाला भाड्याने घर द्यायचे नाही, यावर आपण हात वर केला होता की खाली ठेवला होता? पुढच्या शनिवारी वाचनाआधी त्या उत्तराचा हिशेब घ्यावा. हा हिशेब मुलांसमोर द्यावा लागेल आणि त्यामुळेच तो खरा होईल. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा वर्षांत मूल जे शिकणार नाही, ते वडील मोलकरणीचे राहिलेले पैसे तिच्या हाती देताना पाहून ते एका संध्याकाळी शिकेल.

वाचकहो, मंदिराची दारे मिस्सानंतर बंद होतात आणि आपण आपापल्या वाटेने घरी, बाजारात, कचेरीत जातो. तेथे आपल्या नावापुढे ख्रिस्ती असे लिहिलेले नसते. आपण दिलेला रोज, जुळवलेले लग्न, धरलेला तराजू, एवढेच शुभवर्तमान आपल्या शेजाऱ्यांच्या वाचनात येते. ते त्यांना कसे वाचायला मिळावे, हे आपल्या हाती आहे.