फळा दिसत नाही म्हणून लेकरू ‘ढ’ कसे?



हदगाव तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. तिथे पाचवीतली एक मुलगी यायची. शाळेत ती ‘ढ’ म्हणूनच ओळखली जायची. मागच्या बाकावर बसायची, शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची आणि चुकले की बोलणी खायची. एकदा आम्ही विहाराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून तिला तारीख विचारली. तिला आकडाच दिसेना. चार-पाच पावले पुढे बोलावले तेव्हा कुठे तिने वाचला. नांदेडला नेऊन तपासले, चष्मा लागला. पाच वर्षे शाळेत जाणाऱ्या या लेकराचे डोळे कुणी एकदाही तपासले नव्हते. तिच्या बुद्धीचा निकाल मात्र केव्हाच लावून टाकला होता.

हा निकाल इतक्या सहज का लागतो? नोकरदाराचे मूल पुस्तक नाकाजवळ धरू लागले की आई-बाप त्याला डॉक्टरकडे नेतात. मजुराच्या लेकराने तेच केले की ‘यांच्या डोक्यात जातच नाही’ असे म्हटले जाते. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आपल्या बापजाद्यांनीही ते ऐकले आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा सवर्ण मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळाच्या भीतीने धावत जाऊन उचलले होते. आज फळ्याकडे जायला कायद्याने कुणी अडवत नाही. पण ज्याला फळाच दिसत नाही, त्याला वर्गात बसवून आपण शिक्षण दिले असे म्हणायचे का?

आता हा आजार आहे तरी काय, ते समजून घेऊ. सर्वात जास्त आढळतो तो चष्म्याचा नंबर. कुणाला लांबचे दिसत नाही, कुणाला जवळचे, कुणाला वेडेवाकडे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या अंदाजानुसार जगात 1 कोटी 90 लाख मुलांची दृष्टी अधू होती आणि त्यातल्या 1 कोटी 20 लाख मुलांना फक्त योग्य चष्म्याची गरज होती. म्हणजे बहुतेकांचा इलाज ना अवघड, ना महाग.

पण काही आजार थांबत नाहीत. एका डोळ्याचा नंबर खूप जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र घेणेच सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून दुसऱ्याला कामाला लावायचे, हा त्याचा उपचार. तो सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर चांगला गुण येतो, नंतर अवघड होत जाते. म्हणून ‘तिरळेपणा नशिबाचा असतो’, ‘मोठेपणी आपोआप जातो’ या समजुती फेकून द्या. बुबुळाच्या मधोमध पांढरे दिसत असेल तर एक दिवसही थांबू नका. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा जिवावर बेतणारा डोळ्याचा कर्करोगही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाचा पडदा पहिल्या तीस दिवसांत तपासायलाच हवा. डोळ्यात मध, दूध, कसलाही रस घालू नका.

रातआंधळेपणाचे मूळ तर ताटात आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसोबत आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण नऊ डोस अंगणवाडीत मोफत मिळतात. पपई, शेवग्याचा पाला, अंडी यांतूनही ते मिळते. आणि सरकारने काय केले? नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे दिले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी बंद केला. लेकरांच्या ताटातले अंडे कुणाला खुपते, हे वेगळे सांगायला नको.

योजना नाहीत असे नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्यानुसार पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचे, दोष सापडला तर पुढचे उपचार मोफत मिळवून द्यायचे. कागदावर सारे चोख आहे. गाडे अडते ते पुढे. चिठ्ठी हातात पडते, पण हदगावहून वारंगाफाट्यामार्गे नांदेड गाठायचे म्हणजे एक मजुरी बुडते, वर भाडे लागते. मग ती चिठ्ठी घरातच पडून राहते.

दोष फक्त सरकारचा नाही, आपलाही आहे. त्या मुलीची माय आम्हाला म्हणाली, “दादा, पोरीला चष्मा लावला तर उद्या सोयरीक कोण करंल?” वस्तीतली पोरे ‘ढापणी’ म्हणून चिडवतात. ज्या बाबासाहेबांच्या डोळ्यांवर चष्मा नसेल तर आपल्याला पुतळा ओळखू येणार नाही, त्यांच्याच लेकींना आपण चष्म्याची लाज वाटायला लावतो! आणि जयंतीला डीजेवर किती उडवतो, त्याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःच करावा.

म्हणून आमचे म्हणणे थेट आहे. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येक विहारात मुलांची नजर तपासा. अक्षरांचा तक्ता उजेडात लावा, सहा मीटरवर मूल उभे करा, एकेक डोळा झाकून वाचायला सांगा. छोट्यांसाठी ‘ई’च्या दिशांचा तक्ता असतो. ज्याला अडते त्याची यादी करा आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा. हे निदान नव्हे, चाळणी आहे. निदान डॉक्टरच करतील.

सोबत माहिती अधिकारात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा: गेल्या वर्षी किती शाळांत पथक गेले, किती मुलांना पुढे पाठवले, किती जणांच्या हातात प्रत्यक्ष चष्मा पडला? दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज तिकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उपचारानंतरही ज्यांची दृष्टी अधू राहते, त्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र काढा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 2016 च्या कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

मराठवाड्यातली मुले शिकावीत म्हणून बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तिथवर पोहोचण्याआधीच आपली किती लेकरे फळा न दिसल्यामुळे शाळा सोडून गेली असतील? ‘शिका’ हा आदेश पाळायचा तर आधी लेकराला अक्षर दिसले पाहिजे. यंदाच्या जूनपासून सुरुवात करा.

जयभीम!