डाव कुणासाठी मांडला?

फेब्रुवारी १८५६. ईस्ट इंडिया कंपनीची फौज लखनौच्या दिशेने निघाली आहे. अवधच्या राज्याची घटका भरत आली आहे. अशा वेळी शहरातले दोन खानदानी जहागीरदार, मिर्झा आणि मीर, घर सोडून एका खेड्यात येऊन बसले आहेत. कशासाठी? लढाईची तयारी करायला? छे! तिथे कुणी शोधत येणार नाही आणि बुद्धिबळाचा डाव निवांत खेळता येईल म्हणून.

सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या चित्रपटातला हा प्रसंग. प्रेमचंदांच्या १९२४ मधल्या कथेवर तो आधारलेला आहे. संजीवकुमार आणि सईद जाफरी यांनी हे दोघे इतक्या जिव्हाळ्याने उभे केले आहेत की पाहणाऱ्याला त्यांचा राग येत नाही, हसू येते. मग हळूहळू ते हसू ओसरते, कारण ही माणसे ओळखीची वाटू लागतात.

मिर्झाची बेगम एकटेपणाने कुढते आहे. वैतागून ती सोंगट्या लपवते, तर पुरुषमंडळी स्वयंपाकघरातल्या जिनसा पटावर मांडून खेळ पुढे चालू ठेवतात. मीरला पत्नीच्या दालनात एक तरुण नातलग सापडतो, तेव्हा त्याने दिलेले लंगडे कारणही मीर खुशीने मान्य करतो. तो मूर्ख नाही. पण खरे काय ते स्वीकारले तर काहीतरी करावे लागेल आणि डाव मोडावा लागेल! माणूस संकटाला जितका भितो, त्याहून अधिक त्या संकटाची दखल घ्यायला भितो. दखल घेतली की जबाबदारी आली.

प्रेमचंदांच्या कथेत हे दोघे शेवटी खेळावरूनच तलवारी उपसतात आणि एकमेकांना ठार करतात. म्हणजे शौर्य त्यांच्या अंगी होते. राजासाठी जे सांडले नाही ते रक्त त्यांनी पटावरच्या वजिरासाठी सांडले. राय यांनी मात्र त्यांना जिवंत ठेवले आहे. पिस्तुलाचा बार उडतो, गोळी चाटून जाते आणि भांडण विरते. तोंड दाखवायला लाज वाटते, म्हणून अंधार पडल्यावर घरी जायचे ठरते. तोवर काय करायचे? पुन्हा डाव मांडायचा. या वेळी इंग्रजी नियमांनी, ज्यात वजिराची जागा राणी घेते! मरणापेक्षा हा शेवट अधिक बोचतो. कारण लाज वाटूनही माणूस बदलतोच असे नाही.

पण मग दोष खेळाचा म्हणायचा का?

स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) या चित्रपटातही बुद्धिबळाचा पट आहे. धर्मयुद्धावरून मायदेशी परतणाऱ्या सरदारापुढे साक्षात मृत्यू उभा राहतो. देशात प्लेगने थैमान घातले आहे. सरदार मृत्यूला बुद्धिबळाचे आव्हान देतो. डाव चालेल तोवर जीवदान! आपण हरणार हे त्याला कळून चुकते. तेव्हा तो झग्याच्या फटकाऱ्याने सोंगट्या उधळतो. मृत्यू त्या पुन्हा मांडण्यात गुंतलेला असताना खेळ करून पोट भरणारे एक तरुण जोडपे आपल्या तान्ह्या बाळासह निसटून जाते. सरदार डाव हरतो, पण त्याने मिळवलेली काही क्षणांची सवलत दुसऱ्याच्या घराच्या कामी येते.

पट तोच, सोंगट्या त्याच. फरक एवढाच की मिर्झा आणि मीर स्वतःला लपवण्यासाठी खेळतात, तर हा सरदार शेवटी दुसऱ्याला वाचवण्यासाठी खेळतो.

जपानच्या अकिरा कुरोसावांचा ‘इकिरू’ (१९५२) हीच गोष्ट सरकारी कचेरीत आणतो. वातानाबे नावाच्या वयस्क अधिकाऱ्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे समजते. आयुष्य कागदांवर शिक्के मारण्यात गेलेले. आधी तोही पळतो, दारूचे गुत्ते आणि रात्रीची करमणूक यांत मन रमवू पाहतो. मग मोहल्ल्यातल्या बायकांचा टेबलाटेबलावर फिरलेला एक अर्ज तो हाती घेतो आणि सांडपाण्याच्या घाणेरड्या जागेवर मुलांसाठी बाग उभी करूनच डोळे मिटतो. त्याच्या अंत्यविधीला जमलेले सहकारी भारावून जातात, आपणही असेच काम करू म्हणून शपथा घेतात. त्यानंतर कचेरी उघडते, ती पूर्वीसारखीच! याला मराठीत नेमका शब्द आहे, स्मशानवैराग्य. जपानी असो वा मराठी, मनुष्यस्वभाव एकच.

मग माणसाकडून आशाच करू नये का? उत्तर पुन्हा लखनौतच सापडते. नवाब वाजिद अली शाहने राज्य सोडण्याच्या करारावर सही करायचे नाकारले आणि तो कलकत्त्याला निघून गेला. त्याची बेगम हजरत महल मात्र लखनौतच राहिली. १८५७ च्या उठावात तिने आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवले आणि इंग्रजांशी झुंज दिली. ती हरली. नेपाळमध्ये आश्रय घेऊन १८७९ मध्ये काठमांडूला तिचे निधन झाले. वेळ तीच, शहर तेच आणि संकटही तेच. म्हणजे परिस्थिती माणसाला घडवते हे अर्धेच खरे आहे. समोर आलेल्या गोष्टीकडे पाहायचे की पाठ फिरवायची, एवढा निर्णय तरी त्याच्या हाती उरतोच.

सामान्य घरांवर फौजा चाल करून येत नाहीत. तिथे संकट दबक्या पावलांनी येते. आईचा खोकला महिनाभर थांबत नाही. मुलगा शिकवणीला म्हणून निघतो आणि तिथे पोहोचत नाही. सुनेचे बोलणे दिवसेंदिवस कमी होत जाते. सर्वांना ते दिसत असते, पण सामना रंगात आलेला असतो, मालिकेचा भाग चुकवायचा नसतो, नाहीतर हातात मोबाइल असतो. करमणुकीत वाईट काहीच नाही. दमलेल्या जिवाला ती हवीच. प्रश्न एवढाच, की ती विसावा देते आहे की आडोसा?

मिर्झाच्या बेगमेने सोंगट्या लपवल्या, कारण तिचे म्हणणे ऐकायला कुणाला सवडच नव्हती. तेव्हा घरात एखाद्या संध्याकाळी कुणी रिमोट लपवून ठेवला, तर ओरडण्याआधी क्षणभर थांबावे. शेजारी बसावे आणि विचारावे, ‘काय झालं?’