चाकांवरचे घर आणि जमिनीखालची नळी

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' ही मायानगरी 1 ऑक्टोबर 1971 रोजी खुली झाली आणि त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला तिच्या आवारातील झाडीत 'फोर्ट विल्डरनेस' हा तळ सुरू झाला. सुमारे साडेसातशे एकरांच्या या रानात जवळपास आठशे जागा आखलेल्या आहेत. माणसे आपले चाकांवरचे घर घेऊन येतात, नेमून दिलेल्या जागेवर ते उभे करतात आणि सरोवरातून नावेने करमणुकीच्या नगरीत जातात. रात्री परतल्यावर आपल्याच हातचे अन्न आणि आपलेच अंथरूण! हॉटेलच्या पाहुणचारापेक्षा हे सुख अनेकांना अधिक प्रिय वाटते. वर्षानुवर्षे तीच कुटुंबे तेथे येत राहतात.

वरवर पाहता हा स्वच्छंद भटकंतीचा विलास आहे. परंतु किंचित वाकून गाडीखाली पाहिले म्हणजे त्याचे खरे मर्म ध्यानी येते. प्रत्येक जागेपाशी विजेची पेटी व पाण्याचा नळ आणि बहुतेक ठिकाणी मलवाहिनीचे तोंड! अशा गाडीच्या पोटात मैल्याची व सांडपाण्याची टाकी असते आणि ती कोठेतरी रिकामी करावीच लागते. म्हणून तळावर पोहोचलेला गृहस्थ मिकी माउसच्या दर्शनाला जाण्यापूर्वी हातमोजे चढवून नळ्या जोडू लागतो. एवढ्याशा जागेसाठी हंगामात तो रात्रीचे शंभर डॉलरांहून अधिक भाडे मोजतो. त्याची मुक्तता या शिस्तीवर उभी आहे.

गोमंतकाने याची दखल का घ्यावी? महाराष्ट्र आणि केरळ यांनी 2021 साली कॅरॅव्हॅन-पर्यटनाची धोरणे स्वीकारली. शेजारच्या राज्यातून निघालेली गाडी पत्रादेवीला पोहोचून माघारी थोडीच फिरणार आहे? बसगाड्यांतून येऊन रस्त्याकडेला चूल मांडणारे आणि उष्ट्या पत्रावळी तेथेच टाकून जाणारे प्रवासी आपल्याला नवे नाहीत. पर्यटनस्थळी उघड्यावर अन्न शिजविण्यास मनाई करण्यासाठी 2019 मध्ये आपल्याला कायदाच दुरुस्त करावा लागला. परंतु मनाई करणे हे अर्धे काम झाले. चूल कोठे मांडू नये हे सांगणाऱ्याने ती कोठे मांडावी हेही सांगावयास नको काय?

डिस्नेचा थाट आपल्याला परवडणारा नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो थाट हवा आहे कोणाला? फरसबंद चौथरा, नळ, विजेची जोडणी आणि सांडपाण्याची निर्गत यांस थाट म्हणत नाहीत. ही सोय होत नाही तोवर फिरत्या घरांना आवतण देणे म्हणजे पाहुण्याची घाण यजमान गावाच्या विहिरीत व शेतात सोडण्यासारखे आहे. उत्पन्न व्यावसायिकाच्या पदरी पडावे आणि दुर्गंधी पंचायतीच्या माथी यावी, हा न्याय नव्हे. आधी नळी, मग निमंत्रण, एवढा साधा क्रम सरकारने पाळावा.